चिंचोक्यांना आठवण नसते

डॉक्टर लोक माझ्या लहानपणी जे बोलायचे, त्या हिशेबाने मी आता म्हातारी आहे. पस्तिशी ओलांडली की आमच्यासारख्यांनी उतारवयात आल्यासारखं वागायला हरकत नाही. म्हणून आठवणी लिहायला बसले आहे. कोणाला हसायचं असेल तर हसू द्या. मला सिकलसेल आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांमध्ये अडकतात, आणि मग दुखतं. आमच्या भागात एवढं सांगितलं की पुढचं कोणी विचारत नाही, कारण स्वतःच्या नाहीतर शेजारच्या घरात कोणीतरी असतंच. पण या प्रकरणात मला सांगायचं आहे ते मी एकटीनं खेळायची त्या खेळाबद्दल, आणि त्या खेळात प्रश्नाचं उत्तर कोणाकडून घ्यावं यासाठी केलेल्या खटपटीबद्दल. खटपट निव्वळ खेळासाठी होती. ती आमच्या दादाच्या लग्नाच्या बैठकीत जाऊन बसेल असं मला काय माहीत!

आमचं घर आंधळगावात, बुद्धविहाराच्या मागे. बाबा राइस मिलवर ऑपरेटर होते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवर, कानांत, शर्टाच्या शिवणीत कोंडा बसलेला असायचा, आणि आई त्यांना अंगणातच थांबवून टॉवेलानं झटकायची. एका बाजूनं मिलचा घरघर आवाज, दुसऱ्या बाजूनं कोसा रेशीम विणणाऱ्यांच्या गल्लीतून मागाचा खटखटाट. मी दिवसाचा बराच वेळ बाजेवर असल्यामुळे नुसत्या आवाजावरून सांगायची की आता जेवणाची सुट्टी झाली, आता कोणाच्या मागाचा धागा तुटला. घरात माझ्यासाठी नियम पुष्कळ. थंड पाण्यात हात घालायचा नाही, धावायचं नाही, धानाच्या रोवणीच्या चिखलात तर उतरायचंच नाही, आणि दिवसभर पाणी पीत राहायचं. आई लाखोळीच्या डाळीचे वडे तळायला बसली की पहिला घाणा माझा. यावर दादा कधी भांडला नाही. मीच त्याला चिडवायची, की बघ, आजारी असण्याचे फायदे. तो म्हणायचा, मग तू कॉलेजात जा, मी झोपतो.

दुखणं उठलं की मात्र चिडवाचिडवी बंद. आई तव्यावर रेती गरम करून फडक्यात बांधायची आणि गुडघ्यांना, मनगटांना शेक द्यायची. शेकताना ती एकच वाक्य बोलायची, हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं. "माह्या शालूनं आपल्या घरचं सारं भोगून टाकलं." ते वाक्य मला फार आवडायचं. आज कोणाला विचित्र वाटेल, पण मला त्या वाक्यानं आधार होता. तालुक्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं आईबाबांना सांगितलं होतं की तुम्ही दोघंही वाहक, तुमच्या अंगात हा आजार अर्धा-अर्धा आहे, म्हणून तुमच्या लेकरांत चारात एकाला पूर्ण यायचा धोका. तो एक म्हणजे मी. दादाच्या वाट्याला अर्धं आलं, तो वाहक, त्याला काही होत नाही. मी दात आवळून पडलेली असायची तेव्हा मनात म्हणायची, माझ्यामुळे दादा सुटला, त्याची लेकरं सुटतील. एवढं मोठं काम अंगावर आहे म्हटल्यावर रडायची लाज वाटायची. कोणी विचारलं की मी म्हणायची, थोडंसंच दुखून राहिलं.

खेळ आणला दादानंच. तो भंडाऱ्याला शिकायला होता आणि वसतिगृहातल्या कोणाकडून त्यानं एका इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स काढून आणली होती, सोबत रंगीत फासे, एकाला तर वीस बाजू. खेळ असा की एकजण गोष्ट सांगणारा, बाकीचे गोष्टीतली माणसं. सांगणारा म्हणतो, समोर पडका किल्ला आहे, काय करता? तुम्ही म्हणता, भिंत चढतो. चढता येतं की पडता, हे फासे ठरवतात. सुट्टीभर दादा सांगायचा आणि मी खेळायची. माझ्या बाईचं नाव मैना. मैनाचे पाय कधी दुखत नसत. पुस्तकात बर्फ आणि किल्लेच किल्ले होते. आम्ही बर्फ काढून टाकला. बपेऱ्याच्या पलीकडे, जिथे आपला जिल्हा संपतो, तिथली नदी ओलांडली की मैनाचा मुलूख सुरू व्हायचा. नुसतं जंगल आणि तलाव, आणि प्रत्येक तलावाच्या पाळीवर एक चौकीदार, जो कोडं घातल्याशिवाय पुढे सोडत नसे.

सुट्टी संपली, दादा गेला आणि मैना तलावाच्या पाळीवर अडकली. चिडून मी ती झेरॉक्स पुन्हा पुन्हा वाचली. शेवटच्या पानांवर एकट्यानं कसं खेळायचं ते दिलं होतं. गोष्ट सांगणारा नसेल तर हो-नाहीत उत्तर येईल असा प्रश्न करायचा, चौकीदार जागा आहे का, आणि उत्तर एखाद्या साधनाकडून घ्यायचं. त्या साधनाला इंग्रजीत ऑरॅकल म्हणतात. मी शब्दकोशात पाहिलं आणि संध्याकाळी बाबांना मोठ्या ऐटीत सांगितलं, की बाबा, मी आता कौल लावून खेळणार. बाबांनी घास खाली ठेवला. आपल्यात कौल लावत नाहीत, दाणे पाहत नाहीत, माझ्या बापानं ते सगळं सोडलं तेव्हा घरात केवढं वादळ झालं होतं तुला माहीत नाही, वगैरे वगैरे, डाळ थंड होईपर्यंत. मी म्हटलं, खेळ आहे हो. ते म्हणाले, मग खेळाचं नाव ठेव. म्हणून मी त्याला नुसतं 'जवाब' म्हणू लागले.

जवाब कोणाकडून घ्यायचा, यात माझा पूर्ण हिवाळा गेला. ज्यांनी असा खेळ कधी खेळला नाही त्यांना वाटेल, त्यात काय निवडायचं? पण साधन बदललं की गोष्टच बदलते. फासे मी सगळ्यात आधी सोडले. सारवलेल्या जमिनीवर ते लोळत नाहीत, कुठल्यातरी खळग्यात तिरपे उभे राहतात, आणि ताटात टाकले तर असा आवाज की दुपारी टेकलेली आई दचकून उठायची. शिवाय बोटं सुजलेली असली की तो बारका वीस बाजूंचा फासा धरवत नसे. दादाच्या जुन्या फोनवर एक सोय होती, बटण दाबलं की हो किंवा नाही. ती पंधरा मिनिटांत कंटाळवाणी झाली. जवाब यायच्या आधी मधे थोडा वेळ जावा लागतो, त्या वेळात काय काय होईल ते आपण रंगवतो, आणि तीच तर मजा असते. फोन म्हणजे प्रश्न संपायच्या आधीच उत्तर देणारा शहाणा.

मग पत्ते. पत्ते बाबांपासून लपवावे लागत, कारण पत्ते म्हणजे जुगार अशी त्यांची समजूत. लाल आला तर हो, काळा आला तर नाही, आणि जोकर आला तर मोठं संकट. पत्त्यांनी मला खूप दिवस लळा लावला. पण हळूहळू एक गोष्ट खटकायला लागली. जोकर एकदा येऊन गेला की मी निर्धास्त व्हायची. गड्डी पिसेपर्यंत तो परत येणार नाही हे मला माहीत असायचं, म्हणून मैना वाघाच्या गुहेतसुद्धा शिट्टी वाजवत जायची. काळे खूप आले असले की आता लाल येणारच हेही कळायचं. पत्त्यांना आठवण असते. काय देऊन झालं आणि काय द्यायचं राहिलं, ते त्यांच्या लक्षात असतं. गोष्ट सुरक्षित होत जाते, आणि सुरक्षित गोष्टीत खेळण्यासारखं काही उरत नाही.

उन्हाळ्यात शेजारणी आमच्या अंगणात चिंच फोडायला बसल्या तेव्हा मला माझं साधन सापडलं. मी त्यांच्यातले चांगले टपोरे चिंचोके वेचले, भाजले आणि दगडावर हलकं ठोकून अर्धे केले. एक बाजू काळी, चकचकीत, आतली बाजू पांढरी. दोन अर्धुकं ओंजळीत खुळखुळवायची आणि चादरीवर टाकायची. दोन्ही काळी पडली तर नाही. दोन्ही पांढरी पडली तर हो, आणि दणदणीत हो. एक काळं एक पांढरं पडलं तर हो, पण. हे 'पण' सगळ्यात जास्त वेळा यायचं आणि त्यानंच गोष्ट पुढे जायची. चौकीदार झोपलाय, पण त्याचा कुत्रा जागा आहे. सुजलेल्या बोटांनाही चिंचोके पकडता येत, आवाज नाही, हरवले तर आईच्या डब्यात हवे तेवढे. आणि त्यांना आठवण नव्हती. एका दुपारी दोन्ही पांढरी पडली, पुन्हा पांढरी पडली, पुन्हा पांढरी. मी डोळे फाडून बघत राहिले. मघाशी काय दिलं याची त्यांना शुद्धच नव्हती. मैनाला आता कुठेच निर्धास्त होता येईना, आणि मला तो खेळ वेड्यासारखा आवडू लागला.

त्याच उन्हाळ्यात दादानं घरी सांगितलं की त्याला दिघोरीची वैशाली आवडते. त्याच्याच कॉलेजातली, आपल्यातलीच, वडिलांची धानाची शेती. आई खूश, बाबा वरून गंभीर आणि आतून खूश. पाहुणे एका रविवारी आले, वैशाली, तिचे आईवडील आणि मामा. आई पहाटेपासून वडे तळत होती. वैशाली आली ती सरळ माझ्या बाजेवर येऊन बसली आणि मैना आता कुठपर्यंत पोचली असं तिनं विचारलं. म्हणजे दादानं तिला सगळं सांगितलं होतं. मला ती तिथल्या तिथे आवडली.

आमच्यात पत्रिका पाहत नाहीत. पण अलीकडे शहाणी घरं सिकलसेलचं कार्ड पाहतात, आणि ज्या घरात माझ्यासारखी असते ते घर तर आवर्जून पाहतं. चहा झाल्यावर बाबांनी दादाचं कार्ड समोर ठेवलं, अर्धं पिवळं, म्हणजे वाहकाचं. वैशालीच्या वडिलांनी तिचं काढलं. तेही अर्धं पिवळं. वैशालीनं मान खाली घातली; तिला आधीच माहीत होतं, दादालाही, दोघांनी बोलायचं पुढे ढकललं होतं. तिची आई पदराशी चाळा करत माझ्याकडे बघत होती, माझ्या पिवळ्या डोळ्यांकडे, काटक्यांसारख्या मनगटांकडे. आता हे उठून जाणार, असं मला वाटलं.

तेव्हा बाबांनी घसा साफ केला. माझे बाबा देवाला मानत नव्हते, नशिबाला मानत नव्हते. न्यायाला मात्र मानायचे. एकाच माणसाच्या वाट्याला दोनदा अन्याय येऊ नये, असं त्यांना मनापासून वाटायचं. ते शांतपणे म्हणाले, "चारात एकाले होते, असं सिस्टरनं सांगतलं होतं. तो एक आमच्या घरी होऊन गेला. आमची शालू हाये ना. आता पुढचे सुटले."

कोणाला ते चूक वाटलं नाही. वैशालीच्या वडिलांनी हिशेब केल्यासारखी मान हलवली, मामा म्हणाले की बरोबर आहे, एका घरात एकच. आईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. वैशालीच्या आईची नजर बदलली. मघाची भीती गेली आणि तिथे उपकार मानल्यासारखं काहीतरी आलं. सगळे माझ्याकडे तसे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा एका खोलीतली सगळी माणसं माझ्या आजाराबद्दल मला धन्यवाद देत होती. ज्या वाक्यावर मी जगत होते, त्याच्यावर सगळ्यांनी शिक्का मारला होता. मी गप्प बसले असते तर त्याच दिवशी सुपारी फुटली असती.

पण उशीखाली माझे चिंचोके होते, आणि बाबा जे बोलत होते ते पत्त्यांचं होतं. जोकर येऊन गेला, आता गड्डी सुरक्षित. मला ते लख्ख दिसलं. सिस्टरचं बोलणं मला आठवलं. आईकडून एक हिस्सा, बापाकडून एक, प्रत्येक लेकराच्या वेळी नव्यानं. दादा आणि वैशालीच्या लेकरासाठी चिंचोके नव्यानं टाकले जाणार, आणि मी मधे पडून आधीच भोगलंय हे त्या टाकणाऱ्याला ठाऊकच नसणार.

उशीखालून दोन चिंचोके काढून मी बाबांना म्हटलं की हे हातात घ्या. त्यांना वाटलं मला काही खेळ सुचला, पाहुण्यांसमोर काय हे, असं ते पुटपुटले, पण माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी ते घेतले. मी सांगितलं, हे एक आईचं, हे एक बापाचं. काळी बाजू चांगली, पांढरी बाजू आजाराची. दोन्ही पांढरी पडली की माझ्यासारखं लेकरू. टाका. बाबांनी टाकले, एक काळं, एक पांढरं. मी म्हटलं हा दादा. पुन्हा टाकले, पुन्हा तसंच. मग दोन्ही पांढरी पडली. मी म्हटलं, ही मी. झालं, आता सुटले ना सगळे? टाका पुन्हा. बाबांनी टाकले, आणि पुन्हा दोन्ही पांढरी पडली. खरं सांगायचं तर तेव्हा काहीही पडू शकलं असतं. दोन्ही काळी पडली असती तर मी काय केलं असतं कोण जाणे. त्या दिवशी चिंचोके माझ्या बाजूनं बोलले एवढंच.

बाबा चादरीवरच्या त्या दोन पांढऱ्या अर्धुकांकडे बघत राहिले. ते हिशेबात कच्चे नव्हते, मिलवरचे सगळे त्यांनाच विचारायचे. त्यांना कळलं होतं. मग त्यांनी पाहुण्यांकडे न बघता मला विचारलं, आणि त्यांचा आवाज माझ्या ओळखीचा नव्हता.

"मतलब तू एवढं भोगलं, ते कोनाच्याच कामी नाई आलं?"

मी म्हटलं, "नाही बाबा."

आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथून तिच्या रडण्याचा आवाज आला. पाहुणे पाणी पिऊन उठले. नकारही दिला नाही, होकारही नाही. वैशालीनं जाताना माझा हात दाबला. वड्यांचं ताट अर्ध्याहून जास्त तसंच राहिलं, आणि मी ते दोन दिवस खात होते, इतका संताप आला होता मला. कोणाचा ते विचारू नका. चिंचोक्यांचा, सिस्टरचा, माझ्या स्वतःच्या जिभेचा.

दादा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मग एका दुपारी बाजेच्या पायथ्याशी येऊन बसला. तो आणि वैशाली दवाखान्यात जाऊन आले होते. लग्न करायला हरकत नाही, असं त्यांना सांगितलं होतं. दिवस राहिले की सुरुवातीलाच नागपूरला तपासणी करता येते. लेकराला पूर्ण आजार असेल तर काय करायचं हे आईबापांनी ठरवायचं. एवढं सांगून तो बाजेची सुतळी ओढत बसला. मग म्हणाला, "तुयासारखं असन तं येऊ द्याचं नाही, असं ठरवा लागन शालू. तुले इचारल्याशिवाय मी नाई ठरवत. तू सांग."

त्याच्या मनात काय होतं मला दिसत होतं. त्याला वाटत होतं की हा प्रश्न म्हणजे तू जन्माला यायला नको होतीस असं मला तोंडावर म्हणणं. तो माझ्याकडे बघत नव्हता. आणि मी त्याला इतकी वर्षं सांगत आले होते, थोडंसंच दुखून राहिलं. ते मी घरच्यांसाठी सोसत होते म्हणून थोडंसं होतं. आता ते कोणासाठीच नव्हतं, नुसतं दुखणं होतं, आणि त्याच्याबद्दल खोटं बोलायचं काही कारण उरलं नव्हतं.

"मले जगाले आवडते दादा," मी म्हटलं. "पन दुखते. लय दुखते. हाडात कोनी खिळे ठोकून राहिलं असं दुखते. मी कधी सांगतलं नाही."

दादा वाकला आणि माझ्या पावलांवर डोकं टेकून रडला. मी त्याला रडू दिलं. मलाही रडायचं होतं, पण तेव्हा माझ्या मनात रडण्यापेक्षा दुसरंच काहीतरी होतं, खूप दिवसांनी कोणीतरी डोक्यावरची पाटी उतरवून ठेवावी तसं. आई नंतर शेक द्यायला बसली तेव्हा तिच्या तोंडून ते वाक्य निघालं नाही. तिनं विचारलं, कुठं दुखून राहिलं? आणि मी दाखवलं, इथे, इथे आणि इथे.

लग्न झालं. वैशाली वहिनी होऊन आली आणि तिनं बाबांपेक्षा मोठ्या आवाजात बोलून आठवड्यात घर ताब्यात घेतलं. आता मला जास्त चांगल्या गोळ्या मिळतात, मी घरीच मुलांच्या शिकवण्या घेते, आणि दुखण्याच्या दोन फेऱ्यांमधे पुष्कळ मोकळे दिवस जातात. दादाच्या त्या प्रश्नाचं आज मी काय उत्तर देईन, याचा मी कधीकधी विचार करते. गोळ्या नव्या आल्या म्हणून उत्तर बदलावं का? मला माहीत नाही. जगायला आवडतं आणि दुखतं, ही दोन्ही वाक्यं तेव्हाही खरी होती आणि आजही खरी आहेत, आणि त्यातलं एक खोडलं की दुसरं खोटं वाटायला लागतं.

पहिल्या खेपेला वहिनीच्या पोटातल्या लेकराची तपासणी झाली. रिपोर्ट आला त्या दिवशी दादाचा मला फोन आला नाही, त्यावरूनच मी समजले. ती दोघं त्यानंतर चार-पाच दिवस नागपूरलाच, दवाखान्यात होती. परतली तेव्हा दुपार होती. आईनं दारातच वहिनीला धरलं, आत अंथरूण तयार आहे म्हणाली, बाबा पाण्याचा ग्लास घेऊन उभे राहिले. वहिनी त्या दोघांना ओलांडून सरळ माझ्या खोलीत आली. तिचा चेहरा सुकला होता, ओठ फुटले होते. ती बाजेपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "शालूताई, तुमच्यासारखं होतं. म्हनून मले पयले तुमच्याकडंच यावं वाटलं."

मी भिंतीकडे सरकले आणि तिला जागा करून दिली.